पडद्याच्या आमच्या बाजूनं

१७ जानेवारी, शनिवार

पडद्याच्या मागं जाऊन बसलो, आणि सगळी गिरणी हसली!

आम्ही पाचजणी. कल्पना पुढं, तिच्या काखेत बसायला पोतं. मागं बघतो तर जागाच नाही — भिंत, दोन वायरी आणि एक मेलेली पाल. तरी लुगडी आवरून दाटीवाटीनं बसलो. म्हटलं, शहरातल्या पोरांनी बायकांची सोय काही बरी केलेली नाही.

अमोघ पळत आला. हा मारुंजीला राहतो, हिंजवडीत कॉम्प्युटरवर कामाला, मूळचा लातूरकडचा. त्यानं आणि त्याच्या दोस्तांनी आमच्या रिहे गावातली बंद पडलेली भाताची गिरणी भाड्यानं घेऊन तिचं सिनेमाघर केलं. जगातले कुठले कुठले सिनेमे आणतात — मारामारी नाही, गाणं नाही, शेवटाला लग्नसुद्धा नाही! ह्या महिन्यात दर शनिवारी ‘डोंगरातली माणसं’ म्हणून माळच लावलीय. गावाला फुकट.

"आजी, इथं काय करताय? पुढं चला ना!"

"फुडं गडी बसत्यात न्हवं?"

मग त्याला सांगितलं. जत्रेला तंबू यायचा तेव्हा कापड मधोमध बांधायचे. पुढं गडी, मागं बायका. चित्र कापडातनं आरपार यायचं. आमच्या बाजूला सगळे डावरे! हिरो डाव्या हातानं जेवायचा, डाव्या हातानं पाया पडायचा. अक्षरं उलटी, पण आम्हाला सुलटी तरी कुठं येत होती? लग्नात गेणबानं उजव्या हातानं घास भरवला तेव्हा वाटलं, हा काही हिरो नव्हे. (मालकाचं नाव घेतलं! गेले बिचारे, आता कोण रागावतंय? तसंच लिही गं.)

अमोघ इतका हसला की चष्मा काढून पुसायला लागला.

सिनेमा चालू झाला. गिरणीच्या आढ्यातनं अजून कोंडा झडतो, तो उजेडाच्या झोतात उडताना दिसतो. मी निम्मा वेळ तेच बघत होते. खाली इंग्रजी अक्षरं पळायची. शुभांगी कानाशी लागून मराठीत सांगायची. शुभांगी म्हणजे माझी नातसून, ओमची बायको. हे सगळं तीच लिहिते. मी सांगते, ती माझं बोलणं जरा विंचरून कागदावर घालते.

कल्पना म्हणाली, "मला बी ऐकू दे की." मग पलीकडच्या दोघी सरकल्या. शुभांगीचा आवाज वाढत गेला. मागनं कुणीतरी "शूः!" केलं, कोंबडी हाकलावी तसं.

१८ जानेवारी

काल सिनेमा किती झकास सांगितलास ते लिही म्हटलं, तर शुभांगी लिहीना. स्वतःचं कौतुक स्वतःच्या हातानं कसं लिहू, म्हणते. अगं, लग्नात एवढा मोठा उखाणा घेतलास तेव्हा नाही लाजलीस!

२४ जानेवारी, शनिवार

आज आमचा कोपरा वेगळा. अमोघनं डाव्या भिंतीकडं सतरंजी टाकून दिली. शहरातले चष्मेवाले तिकडं, आम्ही इकडं. सिनेमात एक बाई, एक शेळी, बाकी नुसता दगड. तरी डोळे पुसत बाहेर आलो.

आणि गंमत बघा — चष्मेवाल्यांतल्या दोन पोरी मधनं उठून आमच्या सतरंजीवर आल्या. त्यांना इंग्रजी येतं की! विचारलं तर म्हणाल्या, "आजी, इथून जास्त मजा येतेय."

शुभांगी अक्षरातलं तेवढंच सांगत नाही. बाई विहिरीपाशी उगीच उभी राहिली, तर ही म्हणाली, "पाणी नकोय तिला. घरी जायचं नाहीय, म्हणून थांबलीय." बरोबर होतं. आम्ही सगळ्याच कधी ना कधी तशा थांबलोय.

२५ जानेवारी

अमोघ घरी आला. ओसरीवर दादासाहेबासमोर बसला. दादासाहेब माझा थोरला. नाव मीच ठेवलं. तेव्हापासून साहेब झालाय तो.

अमोघ म्हणाला, "पुढच्या महिन्यात महोत्सव आहे. एक सिनेमा उघड्यावर दाखवणार, आजी सांगतात तसा. कापड मधोमध, माणसं दोन्ही बाजूंना. शुभांगीताईंनी तो माईकवर सांगावा. जमलं तर पुढं कायमचं काम आहे, पगारी. उरवडे, पौड, गावोगाव खेळ न्यायचेत."

दादासाहेबानं कप खाली ठेवला. "माईकवर? आमची सून?"

"हो."

"लोकं काय म्हनतील? दादासाहेबानं सुनंच्या हातात भोंगा दिला?"

शुभांगी दारामागं. तिचा नवरा ओम भिंतीकडं बघत. नाव मंत्राचं, पण तोंडातनं अक्षर फुटत नाही. माझी सून हेमलता काही बोलणार होती, तिनं तेही दुधासारखं उतू जाता जाता आवरलं.

"च्या घ्या," दादासाहेब अमोघला म्हणाला. म्हणजे विषय संपला. चहा तर त्या पोरानं कधीच पिऊन टाकला होता.

२६ जानेवारी

शुभांगीचा पेन सारखा थांबतोय. "आजी, राहू द्या ना. घरात वाद नको."

म्हटलं, वाद नाही गं, मिरची भाजतोय. ठसका सगळ्यांना लागतो, पण त्याशिवाय मसाला होत नाही.

दादासाहेबाची दुसरी बाजूही लिही, म्हटलं. लग्न झालं तेव्हा तिचं कॉलेजचं शेवटचं वर्ष राहिलं होतं. प्रत्येक पेपराला हाच गाडीवर बसवून न्यायचा आणि पेपर सुटेपर्यंत झाडाखाली थांबायचा. जातायेता वाटेत मात्र एक शब्द नाही. सून शिकावी एवढं त्याला कळलं. शिकून तिनं करायचं काय, तिथं त्याचं डोकं अडलंय.

तिला सरळ विचारलं, "तुला करायचंय का? माझ्यासाठी नको, तुझ्यासाठी."

पेनाचं टोपण लावलं, काढलं. मग म्हणाली, "लई करायचंय, आजी."

बास.

३१ जानेवारी, शनिवार

आज देवळापुढं अमोघ वावर शोधत होता, उघड्यावरच्या सिनेमासाठी. चार माणसं जमली होती, त्यांत दादासाहेब. मी काठी टेकत गेले आणि म्हटलं, "आरं, दादासाहेबाचं हाय की गिरणीला लागून. भात निघालंय, मोकळं पडलंय. त्यो काय न्हाई म्हनतोय व्हय?"

चारचौघांत न्हाई कसं म्हणणार! वर मी जुनी रीत काढली. तंबूला वावर देणाऱ्याला मान असायचा — फेटा, नारळ, पुढची खुर्ची. दादासाहेबाचा हात आपोआप मिशीवर गेला.

शुभांगी लिहिता लिहिता म्हणते, "आजी, हे फसवणं झालं."

फसवणं कसलं? सिनेमा सांगणार कोण, हे त्यानं विचारलंय का? विचारलं तर खरं सांगीन.

५ फेब्रुवारी

नाही विचारलं. फेट्याचा रंग मात्र दोनदा विचारला.

८ फेब्रुवारी, रविवार

कालचं आज लिहितोय. शुभांगी आज नुसती भरभर लिहितेय. लिहू दे, अक्षर वाकडं आलं तरी मला कुठं कळतंय?

दिवस मावळला तसं वावरात कापड चढलं. धसकटं टोचतील म्हणून पेंढा पसरला होता. अमोघनं पुढं खुर्च्या मांडल्या. आम्ही बायका आमच्या आमच्या मागं जाऊन बसलो, कुणी सांगितलं नव्हतं. शहरातल्या बायकाही आल्या आमच्यात. शुभांगी माझ्याशेजारी पेंढ्यावर, हातात माईक. आमच्या बाजूनं अक्षरं उलटी दिसणार, म्हणून सिनेमा तिनं आधीच गिरणीत बघून पाठ केलेला. पुढं दादासाहेब गुलाबी फेट्यात. मधे कापड. त्याला ती दिसायचं कारणच नाही.

सिनेमा बर्फाच्या मुलखातला. एक बाप लेकीला सासरी पोचवायला निघालाय, डोंगरामागं डोंगर. वारा आला की कापड हलायचं, आणि बाप, लेक, डोंगर सगळेच थरथरायचे.

शुभांगीचा आवाज आधी फुटेना. कल्पनानं कोपर मारलं, "आगं, भाकरी वाढू का इचारतियास व्हय? मोठ्यानं!"

मग सुटली बाई. लेक बोलायची ते सांगितलं, वाटेतला मेंढपाळ बोलला ते सांगितलं. बाप काही बोलायचाच नाही. खाली अक्षरंही नव्हती. तिथं ती गप्प राहिली असती तरी चाललं असतं. पण म्हणाली, "बाबा बोलत नाहीयेत. पण बघा, पाय हळू पडायला लागलेत त्यांचे. वाट संपू नये म्हणून."

पुढच्या बाजूनं कुणीतरी खाकरलं. तो खोकला मी ओळखते. लहानपणी रडू आलं की असाच खाकरायचा.

सिनेमा संपला. पडद्यावर नुसता पांढरा उजेड राहिला. अमोघनं मानकऱ्याला दोन शब्द बोलायला बोलावलं. एरवी माईक दिला की हा सोडत नाही. काल म्हणाला, "मी काय बोलू? बोलल्या त्या ताई. कुनी का आसना, पुन्याच्या की रेडिओवरल्या... आसा आवाज ऐकला न्हवता मी. ह्यो मानाचा नारळ त्यांचा. बोलवा त्यास्नी."

आमच्या बाजूला बायका एकमेकींना चिमटे काढायला लागल्या. कल्पनानं तोंडात पदर कोंबला.

शुभांगी उठेना. माझं मनगट धरून बसली. घरात सासऱ्यापुढं हिचे शब्द किती? व्हय. न्हाई. वाढू का. तेही मान खाली घालून, पुटपुटत. त्याला आवाज ओळखू येणार कुठनं?

म्हटलं, "जा. ताटकळलाय त्यो."

गेली. बांबूला वळसा घालून पुढं. आम्हाला नुसत्या सावल्या दिसल्या कापडावर. एक फेट्याची, नारळ पुढं केलेली. एक बारकी, खाली मान. दोन्ही हलेनात. मला वाटलं, झालं, आता हा घरी जाऊन आकाशपाताळ एक करणार.

भोंग्यातनं आवाज आला, "तीन वर्सं घरात हाय..." आणि माईक खाली गेला.

मग फेट्याची सावली वाकली. नारळ तिच्या हातात दिला. नुसता दिला नाही, तिच्या दोन्ही हातांवर आपले हात ठेवून क्षणभर धरला.

टाळ्या आधी कुठल्या बाजूनं वाजल्या, ते भांडण गावात सकाळपासून चालू आहे.

९ फेब्रुवारी

दादासाहेब दिवसभर वावरात. पेंढा गोळा करायला म्हणे. माणसं आहेत की त्याला!

१२ फेब्रुवारी

जेवताना दादासाहेब सुनेला म्हणाला, "आमटीत मीठ बराबर हाय न्हवं?"

"व्हय."

"जरा मोठ्यानं."

"बरोबर आहे, मामा!"

हेमलता हसून हसून पाणी आणायला उठली. मिठाचं कुणाला पडलंय? आमटी तर त्यानं अजून चाखलीही नव्हती.

१३ फेब्रुवारी

ओम बोलला! म्हणाला, "कामाचं काय ठरलं?" दादासाहेब म्हणाला, "मला काय इचारतोस, तिला इचार." मी तोंडावर पदर घेऊन झोपेचं सोंग केलं.

१७ फेब्रुवारी

आज दादासाहेब लिवतोय. शुभांगी गिरनीवर कामाला गेलीया, सांजच्याला येनार. म्या म्हनलं आज ऱ्हावू दे, तर ह्यो आपसूक पेन घिऊन बसला, चष्मा लावून. मागली पानं वाचू नगंस म्हनलं. वाचली. फेट्याच्या रंगापाशी खाकरला.

मंग म्हनला, आई, काय लिवू? म्हनलं, मी सांगते त्येच, मधी त्वांड घालू नगं. जल्मात पैल्यांदा ह्यो गप बसून माजं ऐकतोय. हात दुकाय लागला म्हनतोय. दुकू दे. समद्या जल्माचं सांगायचंय, आजून तर मी न्हानपनापत्तुर बी पोचले न्हाई. लिव.