वांग्याची गाय

टोकियो, १८ जुलै १९७८

ती. किनुताईस,
रित्सुचा सा. न. वि. वि.

आमचं ओबोन, पितरांना घरी बोलवायचे दिवस, परवा पार पडले. तुमच्या उएदासारखी पितरांसाठी ऑगस्टची वाट बघत बसायला टोकियोत कुणाला वेळ आहे? हिवाळ्यात आई गेली, म्हणून यंदा मी हट्टच धरला आणि सासूबाईंनी त्यांच्या पितरांच्या देव्हाऱ्यात आईच्या फोटोला कोपरा दिला. दाराशी सुक्या काड्या पेटवून आईला बोलावलं. धूर वर गेला, तर वरच्या मजल्यावरच्या मोरिशिताबाईंनी खिडकी आपटली आणि सुनावलं, की पितरांना जरा बेताने बोलवा, आमच्या गाद्या वाळत घातल्यात.

आई लवकर यावी म्हणून काकडीला काड्यांचे पाय टोचून घोडा केला. आणि ताई, आली गं ती! तिच्या किमोनोच्या पेटीतल्या कापराचा वास घरभर येत होता.

तेरा ऑगस्टला दुपारच्या गाडीने पोचते. तोवर लोभ जपून ठेव, आल्यावर घेईन.

तुझी,
रित्सु


उएदा, २३ जुलै

चि. सौ. रित्सुस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं आणि चुलीवरचं तसंच टाकून बसले.

आई गेल्यावरचं हे पहिलं ओबोन. पहिल्यांदा माणूस आपल्या घरी येतं, हे तुला कुणी सांगायला हवं? पांढरा कंदील आणून ठेवलाय. तो पहिल्याच वर्षी लावतात, पुन्हा कधी नाही. भूर्जाची साल वाळवलीय. त्याच सालीच्या धुरावर आईने दरवर्षी बाबांना बोलावलं. तुझ्या विकतच्या काड्यांचा धूर तिच्या ओळखीचा तरी आहे का? आणि तू महिनाभर आधीच हाक मारून मोकळी!

तिला उठवलं मी, बसवलं मी, केस विंचरले मी. पाय चोळून घेताना ती काय विचारायची ठाऊक आहे? रित्सुचं पत्र आलं का. आलं की ते उशाशी ठेवायची आणि मी दिलेला चहा गार व्हायचा. आता मेल्यावरही आधी तुझ्याकडेच. कापराचा वास म्हणे! ती पेटी माझ्या खोलीत आहे, मला नाही कधी आला.

शेजारच्या हात्सुकाकू म्हणाल्या, एवढी जळतेस कशाला, पितरांना काय तिकीट लागतं, दोन्हीकडे येईल. त्यांनाही तोडून बोलले.

यंदा तू येऊ नकोस. तुझं ओबोन झालंय ना? मला माझं करू दे.

लोभ आहेच, पण आज मागू नकोस.

किनुए


टोकियो, २८ जुलै

ती. ताईस,
सा. न.

येऊ नको म्हणालीस. आता मीही सांगते.

आई जिवंतपणी एकदाही माझ्या दारात आली नाही. माझी मुलगी झाली, आम्ही घर बदललं, तिचे हातपाय धड होते तेव्हाही नाही. दरवेळी तिचं एकच, किनु एकटी आहे, किनुला मागे ठेवून कशी येऊ. तुझा मला किती राग यायचा सांगू? तुझ्या वाट्याला आई आली आणि माझ्या वाट्याला तिची पत्रं. त्यांतही ओळीओळीला तूच. किनुने मुळे सुकवले. किनुचा खोकला जात नाही. म्हणून वाटलं, एकदा, मेल्यावर तरी, मी तिला तुझ्याआधी बोलवावं.

वासाचं खोटं लिहिलं. तुला जळवायचं होतं. फोटोपुढचा चहा रोज ओतून दिला, बाकी काही झालं नाही.

निरोपाच्या संध्याकाळी सासूबाईंनी त्यांच्या माणसांसाठी वांग्याची गाय केली, त्यांनी रमतगमत परत जावं म्हणून. आईसाठी मी गाय केली नाही. पुन्हा काकडीचाच घोडा केला आणि त्याचं तोंड उएदाकडे ठेवलं. आली असलीच, तर तिथे लवकर पोचावी. तिला तिथेच जायचं असणार.

राग ओसरेल तेवढा तरी लोभ कर.

रित्सु


उएदा, ३ ऑगस्ट

चि. सौ. रित्सुस,
आशीर्वाद.

तुला दिशा कधी कळल्यात? घोड्याचं तोंड समुद्राकडे ठेवलं असशील आणि आई बिचारी कुठल्यातरी कोळीवाड्यात उतरली असेल.

माझ्यामुळे ती तुझ्याकडे येत नव्हती, हे मला तिने कधी सांगितलं नाही. मला म्हणायची, गाडी लागते. काल दिवसभर हे मनात घोळवलं. बरं वाटलं, हे लपवत नाही. उशाशी ठेवलेल्या पत्रांचं मात्र मी विसरणार नाही.

कंदील उंच टांगायचा आहे आणि माझे गुडघे चढू देत नाहीत. तेराला ये. मी बोलावलं असं हात्सुकाकूंना सांगू नकोस, आपणहून आलीस म्हण. वांग्याचं सारण भरून ओयाकी भाजते. पहिली आईला, दुसरी मला, मग तुला.

एक वांगं वेगळं ठेवते. गाय तू कर. बाबांच्या पहिल्या ओबोनला तुझ्या गाईचे पाय वाकडे लागले आणि ती अंगणातच आडवी झाली. आई तुला रागावलीसुद्धा नाही. हसून म्हणाली, आज काही हे जात नाहीत.

तशीच कर.

तुझी,
ताई