खरखर थांबते तेव्हा

बाबा, गेल्या महिन्यात मी ट्रकच्या छताला भोक पाडलं. ट्रक म्हणजे तुम्ही चालवायचात तसलाच पिकअप, मागे मोकळा हौदा असलेला, आठ वर्षांचा, कोणीतरी वापरून विकलेला. पण छत धड होतं आणि मी त्याला मुद्दाम भोक पाडलं. तुमच्या ट्रकमध्ये होता तसला, माइकवर बोलायचा रेडिओ बसवायचा होता म्हणून. आधी चुंबकाच्या बुडाची अँटेना आणली होती. छतावर ठेवली की काम झालं, असं दुकानातल्या म्हाताऱ्याने सांगितलं होतं. ठेवली, आणि ती काचेवरून घसरत बॉनेटवर येऊन पडली. दुसऱ्यांदा ठेवली, पुन्हा तेच. मग डोक्यात प्रकाश पडला की या ट्रकचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा आहे, त्याला चुंबक जन्मात चिकटणार नाही. पंचवीस वर्षं इंजिनीयर म्हणून मिरवणाऱ्या तुमच्या मुलीला हे पैसे मोजून घरी आल्यावर कळलं. तुम्ही हसून हसून बेजार झाला असतात, आणि मग आठवडाभर भेटेल त्याला सांगत सुटला असतात.

नवरा गॅरेजच्या दारात उभा राहून बघत होता. तो पुण्याचा, त्यामुळे आधी पाच मिनिटं नुसता बघतो आणि मग एकच प्रश्न विचारतो. "अगं, फोन आहे ना प्रत्येकाकडे? तुला कोणाशी बोलायचंय एवढं?" मी म्हटलं, डोंगरात कॅम्पिंगला जातो तिथे सिग्नल नसतो. कॅम्पिंगला आम्ही शेवटचे कधी गेलो ते दोघांनाही आठवत नाही. त्याने ड्रिलची वायर धरली आणि विषय सोडला. मी अ‍ॅशबर्नला राहते, बाबा. तुम्ही हे गाव पाहिलं नाहीत. इथे बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारती आहेत, आत माणसं कमी आणि कॉम्प्युटर फार, आणि त्या सतत घुमत असतात. मी त्यातल्याच एकीत काम करते. आई आमच्याकडेच असते, वरच्या खोलीत. गुडघे गेलेत, कान मात्र शाबूत आहेत. ती म्हणते, या गावात सारखं वाटतं, कोणीतरी बोलायच्या आधी घसा साफ करतंय. मी तिला पंख्यांचा आवाज आहे असं सांगते आणि टीव्ही लावून देते.

अँटेना कुठली घ्यायची हे मला खरं तर कोणाला विचारायची गरज नव्हती. दोन फुटी आखूड काडी गॅरेजमध्ये शिरायला सोयीची, पण तिचा आवाज कोपऱ्यापर्यंत. आठ-नऊ फुटांची दूरवर पोचते, पण पहिल्याच झाडाच्या फांदीत अडकते. चुंबकाची फजिती झाल्यावर मी गुपचूप तुमच्यासारखीच घेतली, चार-साडेचार फुटांची स्टीलची काडी, बुडाशी स्प्रिंग. जागा छताच्या मधोमध. काडी ही अर्धीच अँटेना, उरलेली अर्धी म्हणजे गाडीचा पत्रा, हे तुम्ही नेपरव्हिलला आपल्या घराच्या ड्राइव्हवेत मला दहा वेळा ऐकवलं होतं. नागपूरला पोलिसांच्या बिनतारी खात्यात नोकरी केलेला माणूस इलिनॉयच्या मक्याच्या शेतांतून धान्याच्या कोठारांचे वजनकाटे दुरुस्त करत फिरतो, यात मला तेव्हा काही नवल वाटत नव्हतं. स्वयंपाकघरात फ्रिजवर घरचा सेट, तुमच्या गाडीत दुसरा. मोबाइल यायला अजून वेळ होता. फ्रिजवरचा रेडिओ दुपारभर खरखरत असायचा. पाचच्या सुमारास ती खरखर एकदम थांबायची, म्हणजे तुम्ही माइकचं बटण दाबलंय, आणि मग तुमचा आवाज यायचा: निघालोय, कुकर लावा. इतकंच. तेही मराठीत, कारण इंग्रजीत बोललं तर अख्खी ट्रकवाल्यांची जमात ऐकते असं तुमचं म्हणणं होतं.

सगळं बसवून झाल्यावर मीटर लावला. तुमचाच, काळ्या डब्यातला, आईने जपून ठेवलेला. अँटेना नीट नसेल तर बाहेर न गेलेलं बोलणं उलटं परत येतं आणि सेटलाच जाळतं, असं तुम्ही समजावलं होतं. काटा लाल पट्टीत गेला की माइक सोडायचा. मी काडी पाव-पाव इंच कापत काटा खाली आणला आणि दमून तशीच सीटवर बसून राहिले. पाच वाजले होते. लख्ख ऊन, शेजारी गवत कापणं संपवून यंत्र धूत होता. रेडिओवर कोणी नव्हतं, हल्ली असतं कोण. नुसती खरखर. आणि ती थांबली. आठ-दहा सेकंद काहीच नाही. मग सुरू झाली, आणि परत थांबली. कोणीतरी बटण दाबून गप्प बसलं होतं. मी खिडकीची काच वर केली, का ते विचारू नका.

दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या पार्किंगमध्ये तेच झालं, पाचलाच. मग आठवड्यातून तीनदा, चारदा. नवऱ्याला बोलावून ऐकवलं. "कोणाचा तरी माइक सीटखाली दाबला जात असेल, यार," तो म्हणाला. शिवाय सध्या सूर्यावर डाग वाढलेत आणि त्यामुळे आवाज आकाशाला आपटून हजार मैलांवरून येतात, असंही त्याने फोनवर वाचून दाखवलं. दोन्ही खरं असेल. पण हजार मैलांवरचा माणूस निदान बोलतो तरी. हा बोलत नाही. मी ऐकत राहते, आणि मला स्वयंपाकघरातला पिवळा दिवा दिसायला लागतो.

दसऱ्याचं सांगते. तुम्हाला माहीत नसलेलं. मी चौदा वर्षांची आहे. ट्रक धुऊन पुसून ड्राइव्हवेत उभा आहे, चाकांखाली लिंबं, बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक. हार करणं माझ्याकडे. झेंडू आईने अंगणात लावलेला. त्या दिवशी वारा असा होता की हाराचा दोरा दोनदा तुटला. म्हणून मी गॅरेजमधल्या तुमच्या रिळातली तांब्याची उघडी तार घेतली, तिच्यात फुलं ओवली, एक टोक अँटेनाच्या स्प्रिंगला बांधलं, दुसरं छताच्या कडेच्या पन्हळीला, आणि पक्कडीने पीळ देऊन इतकं आवळलं की पन्हळीचा रंग खरवडून खालचं लोखंड दिसलं. अँटेनात जाणारं बोलणं परस्पर पत्र्यात उतरवायला याहून चांगली सोय करता आली नसती. फुलांनी सगळं झाकलं गेलं. तुम्ही खूश झालात. "झकास," म्हणालात आणि फोटो काढलात. दसऱ्याला औजारांना हात लावायचा नाही हा तुमचा नेम, त्यामुळे मीटर, पाने, पक्कड सगळं पाटावर पूजेला. आणि पूजेची फुलं सुकल्याशिवाय काढायची नाहीत हा दुसरा नेम. एरवी महिन्यातून दोनदा अँटेना तपासणारे तुम्ही, त्या फुलांच्या खाली बघितलंच नाहीत.

कापणीचे दिवस होते, दुसऱ्या दिवशी तुम्ही उजाडताच निघालात. पाच वाजता आई कणीक मळत होती आणि मी टेबलाशी गृहपाठ करत होते. फ्रिजवरची खरखर थांबली. आवाज आला नाही. सुरू झाली, परत थांबली. असं पाच वेळा. आईने विचारलं, "बाबा आहेत का गं?" मी म्हटलं, कोणीतरी ट्रकवाला असेल. घरापासून तीन मैलांवर, शेताच्या कडेच्या कच्च्या रस्त्यावर तुमचा ट्रक उभा होता. कापणीचं यंत्र चालवणाऱ्या शेतकऱ्याला वाळलेल्या मक्याच्या वर केशरी फुलं हलताना दिसली, म्हणून तो बघायला गेला. इंजिन चालू, रेडिओ चालू, माइक तुमच्या मांडीवर. हार्ट अटॅक. त्यानंतर अर्धा तास तरी शुद्धीत असावेत, असं डॉक्टर आईला म्हणाले. ट्रक घरी आणला तेव्हा फुलं अजून ताजी होती. सगळे आत असताना मी तार सोडवली आणि शेजाऱ्यांच्या कचऱ्याच्या डब्यात टाकली. सेटमधला बोलणं बाहेर पाठवणारा भाग जळलाय असं नंतर कोणीतरी तपासून सांगितलं. आई आजही म्हणते, इतका जीव लावला त्या यंत्राला आणि ऐनवेळी त्यानेच दगा दिला. मी तिला कधी अडवलं नाही.

तर हा ट्रक, ही अँटेना, ते भोक, सगळं त्या तारेसाठी. इतकी वर्षं मी मनाशी म्हणत आले की तार नीट टेकलीच नसेल, सेट आपला आपणच बिघडला असेल. मला एकदा डोळ्यांनी बघायचं होतं. गेल्या शनिवारी दुपारी ती घसरणारी अँटेना नवऱ्याच्या गाडीवर ठेवली, तिचा पत्रा लोखंडी, तिथे चिकटली. त्याला दुसरा सेट दिला आणि तीन मैलांवरच्या इंडियन ग्रोसरीच्या पार्किंगमध्ये पाठवलं. रेंज बघायची आहे, म्हटलं. तो गेल्यावर स्प्रिंगला तांब्याची तार बांधली आणि दुसरं टोक दाराच्या चौकटीतल्या बोल्टला आवळलं. नव्या ट्रकांना पन्हळ नसते. पीळ चांगला बसला. बटण दाबलं. काटा सरळ लाल पट्टीत गेला आणि तिथेच चिकटला. मी बोलले, ऐकू येतंय का, ऐकू येतंय का. सोडलं. पुन्हा दाबलं, पुन्हा बोलले.

मग नवऱ्याचा आवाज आला. "तू बोलतेयस का? व्हॉइस काहीच नाही येत. मधेच ती खरखर थांबते फक्त." म्हणजे फ्रिजवर ऐकलं होतं तेच. म्हणजे तुम्हीच होतात. मला वाटलं होतं की हे कळलं की मी रडेन, पण मी काट्याकडे बघत बसले. तोवर तो पुढे बोलत होता, मेथी छान आलीये, दोन जुड्या घेऊ का म्हणून विचारत होता. आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की हे सगळं मला ऐकू येतंय. फोनवर नाही, ट्रकमधल्या रेडिओवर, तार बांधलेली असताना. लांबून आल्यासारखा, बारीक, पण शब्द न् शब्द कळत होता. तारेने बाहेर जाणारं बोलणं मारलं होतं, आत येणारं नाही. आपला घरचा सेट तर याच्याहून जोरकस, त्याची अँटेना छपरावर. तुम्हाला बोलता येत नव्हतं, बाबा, पण ऐकू आलं असतं. तो अर्धा तास स्वयंपाकघरातून कोणी बोललं असतं तर ते तुमच्यापर्यंत पोचलं असतं. आईला तेव्हाच खरं सांगितलं असतं, तर तिने गाडी काढून तीन मैल पालथे घातले असते.

त्या सकाळचं तुम्हाला आठवत असेल. आदल्या आठवड्यात मैत्रीण घरी आलेली असताना रेडिओवर तुमचा आवाज आला होता, आणि मी तुम्हाला इंग्रजीत उत्तर दिलं होतं, एखाद्या परक्या माणसाला द्यावं तसं. ते तुम्ही मनात धरलं होतंत. निघताना चहा पिता पिता म्हणालात, "घरच्या माणसाची लाज वाटत असेल तर रेडिओवर येऊ नकोस." मी म्हटलं, "ओके, फाइन. नाही येणार." आणि खोलीचं दार आपटलं. संध्याकाळी खरखर थांबली तेव्हा मला माहीत होतं. ट्रकवाले बटण दाबून गप्प बसत नाहीत, त्यांना बोलायची भारी हौस. मला वाटलं तुम्ही अडून बसलायत, मी आधी बोलावं, मराठीत बोलावं, म्हणून. माइक हाताच्या अंतरावर होता. पाचही वेळा मी ठरवून बोलले नाही, आणि आईने विचारलं तेव्हा ठरवून खोटं बोलले. तारेचं मी स्वतःला एक दिवस माफ केलंही असतं, चौदा वर्षांच्या पोरीला काय कळतं म्हणून. याचं मला चौदाव्या वर्षीही कळत होतं.

शनिवारी संध्याकाळी तार काढून टाकली. सेट वाचला, मी पटकन सोडलं म्हणून. काल पाच वाजता ट्रकमध्ये बसले. खरखर थांबली आणि बराच वेळ थांबलेलीच राहिली, इतकी की खिडकीबाहेरचा त्या इमारतींचा घुमारा ऐकू यायला लागला. मी माइक हातात घेतला, अंगठा बटणावर ठेवला. पलीकडे कोणी नसेल तर काय, याची भीती नव्हती वाटत. असेल तर काय, याची वाटत होती. बटण दाबलं नाही. मग खरखर सुरू झाली आणि मी घरात आले, आईला चहा दिला आणि हे लिहायला बसले. पाठवायचं कुठे, ते माहीत नाही. आईला यातलं काही सांगितलेलं नाही. "उद्या सांगते" असं इथे लिहिलं होतं, ते खोडलंय. तुमच्याशी तरी खोटं बोलायला नको.