आजोबांच्या रात्रीच्या जेवणाची तरतूद

मी, स्वान्ये ओल्टमान, वय सतरा, राहणार मारबुर्ग, डोकं ठिकाणावर ठेवून आणि कुणी मागे न लागता सांगते की सोमवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. त्यातून उठले नाही, तर पुढचं लागू.

अठराच्या आतल्या पोरीनं स्वतः लिहिलेलं मृत्युपत्र आमच्याकडे चालत नाही, नोटरीसमोर बोलावं लागतं. चारचौघांत तोंड उघडत नाही म्हणून नववीनंतर माझी शाळा सुटली. कायद्यानं बरोबर तेच काम दिलं.

एक. सायकल मी काम करते त्या बेकरीतल्या मेल्टेमला. सकाळची पाळी आता तिच्याकडेच येणार.

दोन. भूगोलाच्या ब्रोकमान सरांना काहीही देऊ नये. ते मला मूकपट म्हणायचे.

तीन. वॉशिंग मशीन हलू नये म्हणून आजोबांनी खाली सरकवलेली इंग्लंडची पुस्तकं खालच्या मजल्यावरच्या केंपबाईंची आहेत. ती परत करावीत. दोघंही विद्यापीठात राज्यकारभार शिकवायची. आजोबांचं मत प्रशियाचं: कचेरीनं नियम बघावा, तोंड बघू नये. केंपबाईंचं इंग्लंडचं: नागरिक म्हणजे गिऱ्हाईक. फ्रान्सवाले सेवा म्हणतात, पण त्यांचं दोघंही ऐकत नाहीत. आजोबा भर परिषदेत बाईंना "दुकानदारीण" म्हणाले. तेव्हापासून, म्हणजे मी जन्मायच्या आधीपासून, जिन्यात भेटली की दोघं भिंतीकडे बघतात.

चार. माझा खरा ऐवज म्हणजे आजोबा. मी ताट पुढ्यात ठेवलं तरच जेवतात, आणि त्यांना दुसरं कुणी नाही. म्हणून माझी सगळी बचत त्यांच्या रात्रीच्या जेवणाला. ती सांभाळतील आजोबा आणि केंपबाई. एकट्याच्या सहीवर काही चालू नये, असं आजोबांनी जन्मभर शिकवलं. तर इथंही प्रत्येक खर्चावर दोघांची सही, एकाच टेबलावर बसून.

हे कलम दोघांना बोलावून सांगितलं.

"हिच्याबरोबर?" आजोबा म्हणाले.

"नियम तुमचाच आहे, प्रोफेसर," केंपबाई म्हणाल्या. "आता गिळा."

"आणि मतभेद झाला तर?"

मी म्हटलं, "आजोबा, तो होणारच. जेवून झाल्यावर करा."

नोटरीबाईंनी दोघांना बाहेर घालवलं. दाराबाहेर खुर्ची सरकल्याचं ऐकू आलं. मग आजोबा खाकरले.

"तुम्ही किती वाजता जेवता?"

"साडेसहाला. आणि ताटं तीन मांडायची. काही होत नाही तिला."

हेही लिहून घ्या, असं मी नोटरीबाईंना सांगितलं.

वाचून दाखवलं, मला पटलं, सही केली.
स्वान्ये ओल्टमान

साक्षीदार: इर्मगार्ड टोल्ले, बेकरीच्या मालकीण
येन्स क्वाप, नोटरींचे कारकून

मारबुर्ग, बुधवार, ६ नोव्हेंबर २०१९