मनीचं दूध आणि आईचा नवस

११ जानेवारी १९८४
मनीने परत घाण केली, शिवणाच्या मशीनखाली. आधीच ऑफिसला लेटमार्क, त्यात हे. म्हशीचं दूध पाजून पाजून आईने तिची वाट लावलीय. बोलले तर म्हणते, "मगे काय उपाशी ठेवू?" नवस बोलून बसलीय ना! बाबल, माझा धाकटा भाऊ, जहाजावरून सुखरूप येईपर्यंत घरात वशाट नाही. मासे नाहीत, अंडंसुद्धा नाही. अगं, पण मांजरीने कुणाचं काय घोडं मारलंय? जन्मभर बांगड्याच्या डोक्यांवर पोसलेली ती.
जहाजाची खबर नाहीच. कंपनीवाले एकच बोलतात, कळवू.

१३ जाने.
आईला उपाय सुचला. "बकरीचा दूध पोटाक हलकां. बाबल त्याच्यारच वाढलो." खरंय, तान्हेपणी त्याला दुसरं काही पचत नव्हतं. ऑफिस सुटल्यावर साकीनाक्याला गेले. वर्कशॉपांच्या मागे एक भाभी शेळ्या पाळते. मांजरीसाठी म्हटल्यावर हसली बया. आईने दुधात वावडिंग टाकून उकळलं, बाळाला देतात तसं. वाटी पुढे करून म्हणे, "पी गो बाय."
प्यायली! आई किती दिवसांनी हसली. मला रडूच आलं.

१५ जाने.
उलट जुलाब वाढलेच. मनी उठत नाही, पाठीचे मणके हाताला लागतात. आई म्हणते दूध कमी पडलं, सकाळ-संध्याकाळ आण. कपाळ माझं.

१६ जाने.
पिशवीत घालून घाटकोपरच्या गुरांच्या डॉ.कडे नेली. हाताला ओरबाडलंसुद्धा नाही, इतकी गळालीय. शेळीचं दूध म्हणजे विष नाही, म्हणाले, घोटभर एखादीला चालतं. पण मोठ्या मांजराला दूध लागतच नाही, बहुतेकींना पचत नाही, म्हशीचं काय नि शेळीचं काय. "दूध बंद. पाणी ठेवा. उकडलेला मासा द्या, काटे काढून. उपाशी राहिली तर जाईल." मी मान हलवली. नवसाचं काय सांगणार त्यांना?

१७ जाने.
आईला सांगितलं. भांडण.
"मनीक मासो दिलंय आणि माझ्या बाबलाक काय झाला तर?"
जिन्यात घालू, घरात नको, म्हटलं. "देव काय उंबऱ्याकडे थांबता?"
मी चिडून खाली गेले, कोळणीकडून मांदेली घेतली. जिन्यापर्यंत आले आणि पाय उचलेना. परत जाऊन कुत्र्याला घातली. मी असलं काही मानत नाही. तरी बाबलचा चेहरा समोर आला, आणि टरकले. लाज वाटते स्वतःची.

१८ जाने.
मनी पाण्याकडेही बघत नाही. आई दिवसभर देवापुढे. कुणासाठी बसलीय, विचारलं नाही.

१९ जाने.
ऑफिसातून आले तर जिन्यातच मासळीचा वास. धावत वर. आई स्वयंपाकघरात फरशीवर, ताटलीत उकडलेला बांगडा, बारीक बारीक काटे काढून ठेवलेला. स्वतः बाजारात गेली होती. मनीने हुंगलं, तोंड फिरवलं.
"नवस पण मोडलो," आई म्हणाली, "आणि ही खाणा पण नाय. आता देवाक काय सांगू मी?"
मी मनीला मांडीवर घेतलं, बोटावर मासा घेऊन तिच्या ओठांना लावला. परत लावला. एकदा जीभ हलल्यासारखी वाटली. की नाही हलली, देव जाणे.
आई सारखी विचारतेय, "खाल्ल्यान?"