पहिलं ताट तक्रारखोराला

३ जून

ती. आत्याला,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस, सगळे धडधाकट आहेत. घर दोन खोल्यांचं आहे आणि बाबांचे कान शाबूत आहेत, म्हणून फोन न करता लिहिते आहे. आत्ता कामावर आहे, इथे फोनला बंदी आहे. गॅसची गळती ओळखणारं एक यंत्र तपासायचंय, ते समोर तापायला ठेवलंय. ते तापेपर्यंत पत्र संपायला हवं.

बाबा आल्यापासून एका जागी बसलेले नाहीत. खुर्ची खिडकीशी नेतात, थोड्या वेळाने दाराशी आणतात. कपाट उघडून आत बघतात आणि काहीही न घेता लावतात. लिफ्टने खाली जातात, लगेच वर येतात. विचारलं तर म्हणतात, पाय मोकळे केले. समोर इमारत उठतेय, तिची क्रेन दिवसभर फिरते, आणि घरात हे. मलाही आता स्वस्थ बसवत नाही.

पहिल्या रात्री मी केलेल्या जेवणाची त्यांनी तारीफ केली. तू हसशील. कारखान्याच्या कँटीनमध्ये रोज सहाशे माणसांचं जेवण सांभाळलेला माणूस. माझ्या स्वयंपाकाला त्यांनी आजवर खाण्याजोगा याच्या वरचा शेरा दिलेला नाही. या वेळी मागून वाढून घेतलं. मी खूश झाले, हे फक्त तुला सांगते.

शनिवारी त्यांना आमच्या गल्लीतल्या फ्रेंच बिस्त्रोत नेलं. बिस्त्रो म्हणजे साधंसुधं जेवणघर. आठ टेबलं, टेबलावर कापडाऐवजी पांढरा कागद, आणि आज काय मिळेल ते भिंतीवरच्या फळ्यावर खडूने लिहिलेलं. वाढपी उंच आणि लांब मानेचा आहे. बाबांनी त्याचं नाव जिराफ ठेवलं. कांद्याचं सूप मागवलं. वर भाजलेलं चीज, खाली सूप. एक चमचा तोंडात घेतला आणि मी वाटी बाजूला सारली. सूप खाली लागलं होतं. चांगलंच करपलं होतं. बाबांनी वाटी ब्रेडने पुसून घेतली आणि जिराफाला सांगितलं की फर्स्ट क्लास.

आत्या, कँटीनच्या फाटकातून आत शिरताच आज कुठलं पातेलं लागलंय हे सांगणारा तुझा भाऊ. हिवाळ्यात त्यांना ताप आला होता ना? किती दिवस होता? त्यानंतर काही वेगळं जाणवलं का? त्यांना यातलं काही कळू देऊ नकोस.

यंत्र तापलं. लोभ आहे तेवढा पुरे, वाढवू नकोस; परत करायला वेळ नाही.

तुझी,
मोजपट्टी

---

१० जून

चि. मोजपट्टीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र म्हणजे डॉक्टरने रोग्याला विचारावं तसं. किती दिवस, केव्हापासून, वेगळं काय. बाई गं, आत्याची तब्येत विचारायला शाई संपली होती का? गुडघा दुखतोय. तू विचारलं नाहीस, तरी सांगितलं.

ताप होता, चांगला आठवडाभर. सर्दीने नाक पार बंद होतं. त्यानंतर दादा एकदम गोड झाला. मी काहीही पुढे ठेवावं आणि त्याने छान म्हणावं. एकदा दूध खाली लागलेलं होतं, मला घोट घेतल्यावर कळलं, तोवर त्याचा कप रिकामा. मला वाटलं, वय झालं, आता तरी बहिणीला नावं ठेवणं सोडलं. शेजारणीला अभिमानाने सांगूनही आले. तू माझी सगळी हवा काढलीस.

एक मात्र नवल वाटलं होतं. हा माणूस कधी कुणाकडे चार दिवस राहत नाही. तुझ्या आईच्या माहेरी जायचा तोही संध्याकाळच्या परतीच्या गाडीचं तिकीट खिशात ठेवून. आणि या वेळी स्वतःच म्हणाला, पोरीकडे महिनाभर जातो. इथे सगळ्यांना सांगून गेलाय की महिन्याने परत येणार आणि आपला आपण राहणार. त्यात कुणी नाक खुपसलेलं त्याला चालणार नाही.

तेव्हा सरळ विचार. जेवताना विचार, पाणी पिताना विचार, कसंही विचार, पण विचार. तो तुझा बाप आहे, तुझ्या कामाच्या बाकावरचं यंत्र नाही.

इकडे माया भरपूर आहे. येताना मोठी पिशवी आण.

तुझी,
आत्या

---

१८ जून

ती. आत्याला,
सा. न. वि. वि. गुडघा कसा आहे? आधी विचारलं, नोंद घे.

सरळ विचारलं तर ते नाही म्हणतील. एकदा नाही म्हणाले की त्यावर ठाम राहतील, आणि मग माझ्या हातात काहीच राहणार नाही. म्हणून आधी खात्री करून घ्यायचं ठरवलं.

घरी खात्री होत नाही. घरचा प्रत्येक पदार्थ त्यांना रंगावरून, फोडणीच्या आवाजावरून ओळखता येतो. चव कशी असायला हवी ते आठवणीतून बोलतात आणि बरोबर बोलतात. बिस्त्रोत आठवण कामाला येत नाही, कारण ते पदार्थ त्यांनी जन्मात खाल्लेले नाहीत. म्हणून पुढच्या दोन्ही शनिवारी तिथेच नेलं. त्यांना वाटलं, मला ती जागा आवडते.

एका शनिवारी वाइनमध्ये शिजवलेली कोंबडी घेतली. त्यांनी माझ्याकडे बघितलं, माझा चेहरा वाचला आणि चांगली आहे म्हणाले. चांगलीच होती. पण उत्तर माझ्या चेहऱ्यावरून आलं होतं. म्हणून पुढच्या वेळी मी समोर न बसता शेजारी बसले. जिराफाला आधी गाठून ठेवलं होतं. त्याने बटाट्याच्या लगद्याच्या दोन वाट्या आणल्या. एकीत भरपूर लसूण, दुसरीत नुसतं लोणी. रंग एकच. मी विचारलं, कुठला बरा? बाबांनी दोन्ही खाल्ले, पुन्हा खाल्ले, पाणी प्यायले, आणि म्हणाले की दोन्ही आपापल्या जागी बरे आहेत.

मग बराच वेळ ते टेबलावरच्या कागदावर बोटाने रेघा ओढत होते. मी बिल मागवलं.

त्यांना वास येत नाही, आत्या. अजिबात नाही. जिभेला खारट, गोड, आंबट, तिखट कळतं, बाकी सगळं गेलंय. चवीचं दुःख ते सोसतील. माझी झोप वेगळ्या गोष्टीने उडाली आहे. घरी गॅसची शेगडी आहे, आणि ते एकटे राहणार आहेत. गॅस सुटला तर त्यांना कळणार नाही. मी दिवसभर जे काम यंत्रांकडून करून घेते ते त्यांच्या नाकाने सोडलंय.

तुझ्याकडे किल्ली आहे. ते परतायच्या आत सिलिंडर आणि शेगडी तिथून हलव. विजेची शेगडी मी पाठवते. काय सांगायचं ते नंतर बघू. तोवर गप्प राहा.

गेले काही दिवस मी स्वयंपाकात मुद्दाम काहीही करते आहे. ते रोज तारीफ करतात. मला ती ऐकवत नाही.

लोभ ठेव, शक्यतो बंद झाकणाच्या डब्यात.

तुझी,
मोजपट्टी

---

२५ जून

चि. मोजपट्टीस,
आशीर्वाद आहेतच, पण आज आधी कान धरते.

तुझ्या सांगण्यावरून मी भर दुपारी सख्ख्या भावाच्या घरात चोरासारखी शिरले. सोबतीला शेजारच्या नळवाल्याला घेतलं, कारण सिलिंडर माझ्या गुडघ्याने उचलला नसता. ओट्याशी गेलो तर काय? सिलिंडर नाहीच. शेगडीची बटणं काढलेली, नळी गुंडाळून ठेवलेली, सगळं वर्तमानपत्रात बांधून वरच्या फळीवर. ओटा घासूनपुसून कोरडा. वापरात नसलेला ओटा कसा दिसतो ते मला कळतं.

नळवाला खाली मान घालून उभा. खोदून विचारलं तेव्हा बोलला. सिलिंडर दादाने स्वतःच त्याला काढून न्यायला लावला होता, तापातून उठल्यावर थोड्याच दिवसांनी. कुणाला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती. आता मला कळतंय, दादा रोज दोन्ही वेळा माझ्याकडे काही ना काही निमित्त काढून का यायचा. कधी वर्तमानपत्र मागायला, कधी पंखा बघायला. जेवायची वेळ व्हायची, मी थांबवायचे, तो आढेवेढे घ्यायचा आणि जेवायचा. आणि मी त्याला चिडवायचे की तुझा पंखा बघण्याचा मुहूर्त बरा जेवणाच्या वेळेलाच येतो.

म्हणजे बघ. त्याला ठाऊक आहे, तुला ठाऊक आहे, नळवाल्याला ठाऊक आहे. मूर्ख एकटी मी. आणि तुम्ही दोघं एका टेबलावर बसून बटाटे चिवडताय.

मी त्याला काहीही लिहिणार नाही. ते तुझं काम आहे. त्याने परतीचं तिकीट काढलंय, पाच तारखेच्या रविवारचं. तसं कार्ड आलंय मला. त्याआधी बोल. न बोलता तो परत आला तर घराचं दार लावून बसेल, आणि मग तू कितीही यंत्रं पाठव.

रागाने लिहिलंय, मायेने वाच.

तुझी,
आत्या

---

३० जून

चि. मोजपट्टी,
अनेक आशीर्वाद.

हा कागद बिस्त्रोच्या टेबलावरचा आहे. जिराफाने फाडून दिला. दुपारी एकटाच आलोय. घरी आलीस की तुझ्या चपलांच्या जागी ठेवलेला सापडेल, कारण बाकी कुठे तू बघत नाहीस.

बटाट्यांची गंमत मला त्याच दिवशी कळली. लसूण कळला नाही, गंमत कळली. एका माणसापुढे एकाच पदार्थाच्या दोन वाट्या कुठलंही जेवणघर उगाच आणत नाही. मीही नव्या आचाऱ्याला असंच तपासत असे. पद्धत चोख होती. राग आलेला नाही. वाईट वाटलं, ते कशाचं ते सांगतो.

हिवाळ्यात दूध तापत ठेवलं होतं. उतू जाऊन शेगडी विझली. मी शेजारीच पेपर वाचत होतो. नळवाला बाहेरून धावत आला, खिडक्या उघडल्या, मला हाताला धरून अंगणात काढलं. मला काही म्हणजे काही कळलं नव्हतं. त्याच दिवशी सिलिंडर त्याच्याकडे दिला. मग डॉक्टरकडे गेलो. तो म्हणाला, येईल तर येईल.

तुझ्याकडे आलो ते हेच सांगायला. दुसऱ्या कुणाला सांगायची लाज वाटली. तुझं कामच हे, म्हणून वाटलं तू आरडाओरडा न करता ऐकशील. पण पहिल्या रात्री तू ताट पुढे ठेवलंस आणि खांदे आवळून उभी राहिलीस. मी नेहमीसारखं काहीतरी खोचक बोलेन म्हणून. लहानपणी उभी राहायचीस तशीच. माझ्या तोंडून निघून गेलं, छान झालंय. तुझे खांदे खाली आले. आता कसं सांगू की मला चव लागलीच नाही? सांगितलं असतं तर तेवढंही काढून घेतल्यासारखं झालं असतं. मग दुसरा दिवस आला, तिसरा आला, आणि सांगणं अवघडच होत गेलं. म्हणून लिफ्टने खालीवर करत होतो.

भीती एकच. तुम्ही दोघी मिळून माझी व्यवस्था लावाल. कुठल्या खोलीत झोपायचं, कुणी लक्ष ठेवायचं. मला माझ्या घरी राहायचंय.

शनिवारी नेहमीच्या वेळेला इथे येऊन बसतो. तपासणी करायची नसेल तर ये.

बाबा

---

४ जुलै

ती. आत्याला,
सा. न. वि. वि.

आज कामावर नाही, घरी आहे. बाबा आतल्या खोलीत बॅग भरताहेत. दार उघडं आहे आणि मी काय लिहिते आहे ते त्यांना माहीत आहे.

त्यांचं पत्र वाचून मी तीन दिवस वाक्यं जुळवत होते. एकही धड जुळलं नाही. त्यांनी फक्त खुर्ची हलवायचं थांबवलं. त्याने उलट जास्तच चुळबुळ होत होती. शेवटी आज दुपारी रिकाम्या हातानेच बिस्त्रोत गेले. या वेळी त्यांच्या समोर बसले.

त्यांनी कांद्याचं सूप मागवलं, एकच. जिराफाने वाटी त्यांच्यापुढे ठेवली. तुला आठवतं का, कँटीनमध्ये पहिलं ताट कुणाला जायचं? साहेबाला नाही, त्यांना स्वतःलाही नाही. कारखान्यात जो सगळ्यात कुरकुर करायचा त्याला. तो खाऊन गप्प बसला तरच पुढची सहाशे ताटं निघायची. घरी ते ताट माझ्याकडे यायचं. मी शिकायला बाहेर पडले आणि ते बंद झालं. महिनाभर मीच त्यांना प्रत्येक पदार्थ आधी खायला लावत होते, आणि त्यात काय उलटं होतंय ते माझ्या लक्षात आलं नव्हतं.

त्यांनी वाटी माझ्याकडे सरकवली.

मी खाल्लं आणि सांगितलं की आजही करपट आहे. त्यांनी विचारलं, वास तोंडाशी नेताना येतो की गिळल्यावर? मी म्हटलं, गिळल्यावर. मग कांदा नाही, म्हणाले, भांड्याचा तळ पातळ झालाय. जिराफाला बोलावून त्यांनी हे ऐकवलं. तो म्हणाला की आचारी गेले कित्येक दिवस मालकिणीकडे नवं भांडं मागतोय. बाबा इतके मोठ्याने हसले की शेजारच्या टेबलावरच्यांनी मागे वळून बघितलं. हसण्याच्या भरात मी सॉरी म्हणून घेतलं. त्यांनी ऐकलं नसावं. किंवा ऐकलं असेल.

ठरलंय ते असं. ते उद्या त्यांच्या घरी परत येताहेत आणि तिथेच राहणार आहेत. मी सोबत येते आहे, चार दिवसांसाठी. विजेची शेगडी घेतली आहे. भिंतीवर बसवायचं एक यंत्रही आणते, शेजाऱ्याच्या गॅससाठी आणि धुरासाठी. ते मी स्वतः तपासलं आहे. त्यांनी दोन अटी घातल्या. रोज फोन करून चौकशी करायची नाही, हे मी कबूल केलं. आणि सकाळचं जेवण तुझ्याकडे, पण पंख्याचं निमित्त न काढता. हे तू कबूल कर. तुझ्या स्वयंपाकाला ते आता छान म्हणणार नाहीत. काय लागलं आणि काय नाही ते विचारतील, आणि तू खरं सांगायचंस.

मघाशी मी शेवटचा स्वयंपाक केला. ताट त्यांच्यापुढे ठेवलं. त्यांनी त्यातला पहिला घास माझ्यापुढे धरला. मी खाल्ला. मसाला भाजलाच गेला नव्हता, कच्चट वास येत होता. तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली, ताट जवळ ओढलं आणि सगळं संपवलं.

मोठी पिशवी घेतली आहे.

तुझी,
मोजपट्टी