प्रेमिलाच्या पंजाची तख्ती

मी अनुसयाबाई, कैलासवासी शालीकराम यांची पत्नी, वय बावन्न, राहणार फुलचूर, तहसील गोंदिया, जिल्हा भंडारा. छातीत दमा आहे, डोके ठिकाणावर आहे. कोणी भरीस घातलेले नाही. हे मृत्युपत्र माझ्या हाताने लिहिते.

राहते घर व लाखेची भट्टी पुतण्या गुलाबचंद यास द्यावी. नागरा गावाकडची धानाची बांधी नणंद सुशिलाबाईला. लग्नात तिने केलेला अपमान मी विसरले नाही, पण एकट्या बाईला भात लागतो.

भट्टीतली काळी तख्ती मात्र गुलाबचंदला नाही. कारण लिहिते.

लाख उन्हाळ्यात मऊ पडते. यजमानांना मऊ न पडणारी लाख हवी होती, विजेच्या खटक्यांमागे बसवायला. विटेची भुकटी मिसळली, डिंक मिसळला. सगळे वैशाखात वाकले. शेवटी दरेकशाच्या जंगलातल्या एका कुसुमाच्या झाडाची लाख धानाच्या तुसाच्या राखेत शिजवली आणि तख्ती दगडासारखी झाली. ती घट्ट होण्याआधी आमच्या चार वर्षांच्या प्रेमिलाने तिच्यावर पंजा दाबला. यजमान हसले, "राहू दे. माझ्या शोधावर पोरीची सही."

त्याच पावसाळ्यात प्रेमिला तापाने गेली.

पुढच्या दिवाळीत तख्ती पुसताना दिसले, पंजा मोठा झाला होता. भर दुपारी अंगणात यजमानांना दाखवला. "लाख पसरली असेल," म्हणत त्यांनी तख्ती विस्तवावर धरली. ती जराही मऊ पडली नाही.

"मग पसरली कशी?" मी विचारले. त्यांनी तख्ती भट्टीत परत नेऊन ठेवली. ती लाख त्यांनी मरेपर्यंत पुन्हा शिजवली नाही.

पंजा वाढत गेला. तळहातावर रेषा आल्या. एका कापणीनंतर तर्जनीवर विळ्याचा वण दिसला. त्या दिवशी मी जेवले नाही.

गुलाबचंदला कलकत्त्याच्या व्यापाऱ्याला नमुना दाखवायचा आहे. "काकी, एक कोपराच तं तोडून राहिलो, कायले भेतेस?"

"बहीण आहे तुझी," मी म्हटले. तो ओशाळला, पण हातातली छिन्नी खाली ठेवली नाही.

कृती त्याला सांगितली आहे, झाड सांगणार नाही. शोधाला नाव शालीकराम यांचेच राहावे. तख्ती शामकलाला द्यावी. ती प्रेमिलासोबत खेळलेली, आता लेकुरवाळी आहे. तिने ती तोडू नये, विकू नये, माझ्या चितेवर ठेवू नये. मऊ फडक्यानेच पुसावी. गेल्या चैत्रात मोठ्या पंजाशेजारी एक इवलीशी मूठ उमटली आहे.

फुलचूर, दिनांक ९ मे १९४६
सही : अनुसयाबाई

साक्षीदार : केशोराव, उदाराम
बाईंनी आमच्यासमोर सही केली. तख्ती आम्ही उन्हात धरून पाहिली. मूठ आहे. आमच्या सह्या होईपर्यंत तिची बोटे उघडली होती.