माश्यांना अजून सांगितलेलं नाही

तीर्थरूप वन्संना जेरिकाचा नमस्कार. तुमचा गुडघा काय म्हणतो? मारिबोरच्या घराचे चार जिने अजून चढू देतो का? इकडे मी ठणठणीत आहे, फक्त उजवा डोळा बंद आहे आणि नाक कालपासून दुसऱ्या कुणाचं तरी वाटतंय.

कारण तुमच्या भावाच्या मधमाश्या. ह्यांना जाऊन सात आठवडे झाले. आपल्या घरातली रीत तुम्हाला ठाऊकच आहे, धनी गेला की त्याच दिवशी प्रत्येक पेटीवर टकटक करून माश्यांना तसं सांगायचं. ते माझ्याकडून राहून गेलं. (राहून गेलं म्हणजे काय ते पुढे येईलच.) आता चेरी फुलल्यात, माश्या बाहेर पडल्यात आणि मी दिसले की डंख मारतात. शेजारची झेफा रोज कुंपणावरून ओरडते, "अगं बाई, सांगून टाक एकदाचं! नाहीतर उठतील नि जातील सगळ्या!" मी म्हटलं, "तुझा नवरा गेला तेव्हा कोंबड्यांना सांगितलं होतंस का?" तर म्हणते, "कोंबड्यांना काय कळतंय!"

शेवटी रविवारी प्रार्थनेहून आल्यावर काळी शाल अंगावर तशीच ठेवून पेट्यांकडे गेले. पहिल्या पेटीवर ह्यांनीच रंगवलेली ती फळी आहे, सैतान बाईची जीभ सहाणेवर घासतोय ती. (बाईला चेहरा माझा दिलाय. लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाची भेट म्हणे. मी तीन दिवस बोलले नव्हते, आणि ह्यांना ते फार मानवलं होतं.) टकटक केलं. आत गुणगुण थांबली. मी घसा साफ केला आणि म्हणाले, "धनी... क्रान्यला गेलेत, बाजाराला."

वन्सं, सव्वीस पेट्यांना मी हेच सांगितलं! दहाव्या पेटीपासून तर येताना मेण आणणार आहेत असंही जोडून दिलं. माश्यांनी माझी थाप ओळखली असावी, सत्ताविसावी टकटक माझ्या नाकावर झाली.

मग नाकाला कांद्याची फोड लावून पायरीवर बसले आणि पूर्वीचं सगळं आठवत राहिलं. मी प्रथम तुमच्याकडे आले तेव्हा माशी ओठाला चावली होती. तुमच्या आई धावल्या, पण हे आधी पोचले. "चोळू नकोस, नखानं खरवडायचं," म्हणून रागावले, नांगी काढली, वर कांदा दाबला. आमचा पहिला मुका त्यामुळे कांद्याच्या वासाचा. तुम्ही खिडकीतून पाहिलं होतंत, मला माहीत आहे. आज चाळीस वर्षांनी सांगते, मला तेव्हा मुळीच दुखत नव्हतं. बाकी सर्व क्षेम. लहानांना आशीर्वाद.

तुमची भावजय,
जेरिका

ता. क. वन्सं, येत्या शनिवारच्या गाडीनं या. ह्यांना तुम्ही पाळण्यात पाहिलंय, तुमच्या तोंडून माश्या ऐकतील. तेवढं तुम्हीच सांगा. मी स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहीन.

ता. क. २ सुजेवरचं मलम मात्र आणू नका. सुजलेला डोळा पाहून गावात कुणी काही विचारत नाही, माशी चावली एवढंच म्हणतात. ती सोय मला अजून थोडे दिवस हवी आहे.